ते कार्ड आधी तू वाच

"ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २७. पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. लग्नाला दीड वर्ष झालं. बायकोला पाचवा महिना संपत आला, दवाखान्यानं १३ डिसेंबर तारीख दिली. पहिलंच आहे. घरात मी, ती अन् आई. ती म्हणते, त्या वेळी तुम्ही जवळ पाहिजे. पण रीतीप्रमाणे सातव्यात ओटी भरली की ती माहेरी जाईल, चंद्रपूर जिल्ह्यात, अन् डिसेंबरात इकडे कापसाची वेचणी. आई म्हणते, 'बायकाइच्या कामात माणसाचं काय काम?' तपासणीला तिला आशाताई घेऊन जाते. मागच्या वेळी रक्त ९.२ निघालं, सिकलचंही काहीतरी निघालं, नवऱ्याचीही तपासणी करा म्हणाले. आई म्हणते, 'पोराले काहून टोचता? त्याले काय झालं?' बाप होण्याची तयारी म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. मित्रांना विचारलं तर हसतात. मागं गाय व्याली तेव्हा तीन रात्री गोठ्यात काढल्या, तेव्हा एवढी भीती वाटली नव्हती. आता रात्री झोप लागत नाही."

भाऊ, तुला 'तू' म्हणते. माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुला फोन केला होता, कारण त्यातली एक गोष्ट छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. तू दुसऱ्याच दिवशी जाऊन रक्त दिलंस आणि रिपोर्ट नॉर्मल आल्याचं कळवलंस. तू हो म्हणालास म्हणून इथे लिहिते, कारण आपल्या विदर्भात हे वाचणाऱ्या कितीतरी घरांत हाच प्रश्न आहे आणि तो असाच 'पोराले काहून टोचता' म्हणून राहून जातो.

तुझी बायको सिकलसेलची वाहक आहे. म्हणजे तिला आजार नाही. आईबापांकडून प्रत्येकी एक अशी दोन बीजं येतात, त्यातलं तिचं एक सिकलचं आहे, एक चांगलं. वाहक माणूस शेतात राबतो, लेकरं वाढवतो, त्याला बहुतेक वेळा आयुष्यभर कळतही नाही. प्रश्न येतो तो जोडीदारही वाहक असला तर. मग प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता अशी असते की बाळाला दोन्ही बीजं सिकलची मिळतील आणि त्याला खरा आजार होईल: अंगदुखीचे झटके, वारंवार रक्त कमी होणं, लहानपणीच जंतुसंसर्ग. तुझं रक्त नॉर्मल आहे, म्हणून तुमच्या बाळाला सिकलसेलचा आजार होणार नाही. ते वाहक असण्याची शक्यता मात्र निम्मी आहे. हे तुम्ही दोघांनी लक्षात ठेवायचं आणि पोर मोठं झालं की त्याच्या लग्नाच्या आधी त्याला सांगायचं.

इतर वाचकांसाठी एवढं: गावात बोट टोचून जी पहिली चाचणी होते ती सोल्युबिलिटीची. ती फक्त 'सिकल आहे' एवढंच सांगते. वाहक की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या रक्ततपासण्या केल्यावर कळतं. नवऱ्याचीही एचपीएलसी करून घ्यावी, कारण त्यात थॅलेसेमियाचा (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार) वाहक असेल तर तेही दिसतं, आणि सिकल-थॅलेसेमिया अशी जोडी बाळाला तितकाच त्रास देऊ शकते. ही तपासणी लग्नाआधी व्हावी. ते राहिलं तर पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, म्हणजे दोघंही वाहक निघाले तर मोठ्या दवाखान्यात गर्भाची तपासणी आणि समुपदेशन घ्यायला वेळ राहतो. पाचव्या महिन्यात ती धावपळ होते. आणि हा एका जातीचा आजार आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. गडचिरोलीपासून यवतमाळपर्यंत तो सगळ्या जातींच्या घरांत पाहिला आहे मी.

आता तुझा मूळ प्रश्न. बापानं काय तयारी करायची?

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त आवडलं. गाय व्याली तेव्हा तीन रात्री गोठ्यात काढल्या, हे. तुलना केली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, पण जरा आठवून पाहा, तू तिथे काय केलंस? कास भरली का, ती सारखी ऊठ-बस करते का, हे पाहत होतास. कोरडं तणस अंथरलंस. जनावरांच्या डॉक्टरचा नंबर फोनमध्ये वर काढून ठेवला असशील. वासरू पडलं तेव्हा त्याचं तोंड पुसलंस आणि त्याला पहिला चीक पाजलास, कारण चिकाशिवाय वासरू टिकत नाही हे तुला तुझ्या आजोबांनी सांगितलं होतं. गावात कोणी म्हटलं का तुला, की हे माणसाचं काम नाही? मग माणसाच्या लेकराच्या वेळीच बापाला अंगणात उभं का करायचं? गाईची लक्षणं तू ओळखतोस म्हणून भीती वाटली नाही. बायकोची ओळखत नाहीस म्हणून झोप उडाली आहे. त्यावर उपाय आहे, आणि तो तुमच्याच घरात डाळीच्या डब्यांमागं कुठेतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला असेल.

ते माता-बाल संरक्षण कार्ड काढ. पहिल्या पानावर तिच्या नावाखाली तुझं नाव आहे, पाहिलं आहेस का कधी? मी पस्तीस वर्षं उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. हजारो कार्डं भरली. नवऱ्यानं कार्ड उघडून वाचलेलं मी हातावर मोजण्याइतकंच पाहिलं. आज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर दोघं ओट्यावर बसा आणि प्रत्येक रकाना वाचा. वजनाचा रकाना पाहा: नऊ महिन्यांत एकंदर ९ ते ११ किलो वाढायला हवं, तिचं किती वाढलं? रक्तदाब पाहा: वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर. लघवीत प्रथिनं, पायावर सूज, बाळाचे ठोके (ते मिनिटाला १२० ते १६० असतात), धनुर्वाताच्या लसीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतरानं झाले की नाही, सगळं तिथे आहे. जे कळणार नाही त्यावर पेन्सिलीनं खूण कर आणि पुढच्या तपासणीला विचार.

हिमोग्लोबिनच्या रकान्यात ९.२ आहे. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका. ९.२ वरून चढायला डिसेंबरपर्यंत वेळ आहे, पण गोळ्या पोटात गेल्या तर. बहुतेक बाया त्या घेतात आणि कोनाड्यात ठेवून देतात, कारण मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि घरातल्या कोणीतरी सांगितलेलं असतं की लोखंडाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं. बाळ काळं होत नाही. शौच काळं होणं म्हणजे गोळी पोटात गेली आहे एवढंच. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर झोपताना घ्यायची, सोबत लिंबू पिळलेलं पाणी. चहाच्या आगेमागे तासभर नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. एरवी रोज एक, पण रक्त कमी असल्यावर दोन देतात, म्हणून तिला किती ते कार्डावर लिहून घे. सिकलची वाहक आहे म्हणून गोळ्या बंद, असं कोणी परस्पर ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. आणि गोळी आठवणीनं देणं हे आजपासून तुझं काम. फोनला गजर लाव.

माझ्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाचं सांगते. चाळीस वर्षं झाली. मी आरोग्यखात्यात, तरी रीतीप्रमाणे माहेरी गेले. रात्री रक्तस्राव सुरू झाला. बैलगाडीनं, मग जीपनं, तालुक्याला नेलं. माझे मालक दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल हाणत पोचले. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, रक्तगट कोणता, आधी कधी रक्त गेलं होतं का, कोणत्या औषधाची ॲलर्जी? त्यांना एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. दवाखान्याबाहेरच्या कडुनिंबाखाली सायकल धरून उभे राहिले. मी वाचले, पोरगी वाचली. पण ते पुढे कितीतरी वर्षं एकच म्हणायचे, "मला तोवर कोणी काही सांगितलंच नव्हतं, अन् मीही विचारलं नव्हतं." त्यांच्या आवाजातली ती खंत मी अजून विसरले नाही. म्हणून तुझ्यासारख्याचं पत्र आलं की मी हातातलं काम ठेवून उत्तर लिहायला बसते.

आता डिसेंबर. तिनं माहेरी जावं की नाही?

रीत मोडा असं मी म्हणत नाही. पहिलं बाळंतपण आईजवळ व्हावं असं तिला वाटत असेल तर त्या वाटण्याला किंमत आहे. पण आधी तिला एकटीला विचार, तुझ्या आईसमोर नाही. तिला माहेर हवं आहे की तिथे जायचंच असतं म्हणून ती जाते आहे? मग दोन्हीकडचा दवाखाना पाहा. तिच्या माहेराहून सिझेरियन होऊ शकेल आणि रक्त मिळू शकेल असा सरकारी दवाखाना किती मिनिटांवर आहे? तुमच्या गावाहून किती? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साधं बाळंतपण होतं, पण अडलं तर पुढे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर यवतमाळ किंवा चंद्रपूरचं मेडिकल गाठावं लागतं. रात्री दोन वाजता, धुक्यात, त्या रस्त्यानं. जिथून तो रस्ता छोटा आहे, तिथे बाळंतपण करा. दोन्ही सारखेच असतील तर ती म्हणेल तिथे. तिच्या आईनं महिनाभर तुमच्याकडे येऊन राहणं हीसुद्धा एक वाट आहे, आणि त्यात कोणाचाही कमीपणा नाही.

माहेर ठरलं तर सातव्यात ओटी भरा, चोळी-बांगडी करा, हौस करा, पण लगेच गाडीत बसवायलाच हवं असं नाही. आठव्यातली तपासणी इथे करून, डॉक्टरांना विचारून, नववा लागायच्या आत पोचवलं तरी चालतं. एसटीनं न्या, मोटरसायकलवर दीडशे किलोमीटर नाही. कार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत. तिथल्या आशाताईकडे पहिल्या आठवड्यातच नोंद. आणि १३ डिसेंबर म्हणजे काही परीक्षेची तारीख नव्हे. ठरल्या दिवशीच जन्मणारी बाळं फार थोडी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यानंतर केव्हाही, असं धरून चाल.

वेचणीचं मला कळतं. बोंडं फुटून पांढरी झालेली, मजूर मिळत नाहीत, किलोमागे भाव वाढलेला, आणि एक अवकाळी पाऊस आला तर सगळा कापूस पिवळा. पाच एकरवाल्याला तो महिना सोडता येत नाही. पण पूर्ण महिना कोण मागतं आहे? सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) झाली की पहिला वेचा होईल, दुसरा डिसेंबरात येईल. चुलतभाऊ किंवा शेजारचा शेतकरी, ज्याच्याकडे तू अडीनडीला जातोस, त्याच्याशी आत्ताच बोलून ठेव: डिसेंबरचे पंधरा दिवस माझं वावर तू पाहा, जानेवारीत तुझी तूर मी काढू लागेन. पोळ्याला सगळे भेटतील, तेव्हाच बोल. आयत्या वेळी विचारलं तर ज्याचा त्याचा कापूस असतो. तू ५ डिसेंबरच्या आसपास तिच्याजवळ पोच आणि बाळ आठ दिवसांचं होईपर्यंत राहा.

प्रसूतीच्या खोलीत तुला घेतील का? सोबतीला एक माणूस ठेवावं असं सरकारचंच धोरण आहे, पण सरकारी दवाखान्यात एकाच खोलीत दोन-तीन बाया असतात, आडोसा नसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी बाईमाणसालाच आत घेतात. तिची आई किंवा बहीण आत राहील. वाद घालू नकोस. पण कळा सुरू होऊन आत नेईपर्यंतचे तास तुझे आहेत. पहिलटकरणीच्या कळा बारा तास, कधी त्याहूनही जास्त चालतात. कंबर दाबून देणं, तिला चालवणं, घोट घोट पाणी पाजणं, "आता किती राहिलं" असं दर पाच मिनिटांनी न विचारणं. आणि बाहेर उभा असताना तुला सगळं माहीत असलं पाहिजे. तिचा रक्तगट पाठ, तिच्या गटाची दोन माणसं सांगून ठेवलेली, त्यांचे नंबर फोनमध्ये आणि कागदावरही, कारण फोन नेमका तेव्हाच बंद पडतो.

गाडीसाठी १०२, जीव धोक्यात असेल तर १०८. तरीही गावातल्या एका गाडीवाल्याला सांगून ठेव. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली साधी प्रसूती असो की सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, नेणं-आणणं सगळं मोफत आहे, २०११ पासून. कोणी पैसे मागितले तर पावती माग. पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत तिच्या स्वतःच्या खात्यात येतात. त्याचा अर्ज अंगणवाडी किंवा आशाताईकडून आत्ताच भरून घ्या, अटी त्या सांगतील. एवढं असूनही चार-पाच हजार रोख घरात वेगळे ठेव, डब्यात, आणि त्याला खताच्या पैशासाठी हात लावू नकोस.

ज्या लक्षणांना सकाळपर्यंत थांबायचं नाही, ती दोघांनीही पाठ करा. अंगावरून रक्त जाणं. पाणी जाणं. डोकं ठणकणं आणि डोळ्यांसमोर अंधारी, चेहऱ्यावर-हातावर सूज. झटका. जोराचा ताप. बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं. यातलं काहीही झालं तर "जरा पडून राहा, बरं वाटेल" असं म्हणायचं नाही, निघायचं.

हालचालीवरून सांगते, तिला आता बाळ फिरलेलं जाणवत असेल. रात्री ती डाव्या कुशीवर झोपली की पोटावर हात ठेव आणि थांब. दोन मिनिटं, पाच मिनिटं. आतून एक बारीक ढुशी बसेल. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत त्याला आवाज ऐकू येऊ लागेल. तू नुसतं आज वावरात काय झालं ते बोललास तरी चालेल.

तुझ्या आईबद्दल. तिच्याशी भांडू नकोस, आणि बायकोला तिच्यापुढे उभी करून स्वतः वावरात निघून जाऊ नकोस. तुझ्या आईला जे सांगायचं ते तू सांगायचं. तिच्या आईला जे सांगायचं ते तिनं. एवढा एक नियम पाळला तरी निम्मी धुसफूस कमी होते. आणि सांगण्याआधी विचार. एक दिवस आई भाजी निवडत असेल तेव्हा जवळ बस आणि विचार, "माय, माझ्या वेळी काय झालं होतं?" तिला बहुतेक आजवर कोणी विचारलं नसेल. कदाचित ती वावरातून आली आणि तशीच बाळंतीण झाली असेल. कदाचित तुझ्या आधीचं एखादं गेलं असेल आणि ते ती कधी बोलली नसेल. 'माणसाचं काय काम' म्हणणाऱ्या बायांच्या वेळी माणसं नव्हतीच जवळ, त्यांना दुसरं ठाऊक कसं असणार? तिचं सगळं ऐकून घे. मग तिला एक काम दे, मोठं काम: बाळ झाल्याबरोबर तासाभरात आईच्या छातीला लागलं पाहिजे आणि मध, घुटी, साखरेचं पाणी काही चाटवायचं नाही, यावर तिनं पहारा ठेवायचा. माहेरी बाळंतपण झालं तरी ती पाहुणी म्हणून येईलच. पहिलं पिवळसर घट्ट दूध पिळून टाकायची जुनी पद्धत ती सांगेल, तेव्हा तिला वासराच्या चिकाची आठवण दे. लगेच पटेल तिला. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही.

घरातल्या दोन गोष्टी आजच बदल. ऑगस्ट आहे, फवारणी चालू आहे. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषानं किती माणसं गेली ते तू पाहिलं आहेस. फवारून आलास की बाहेरच अंगावर पाणी घे, कपडे तिच्या हातात देऊ नकोस, वेगळ्या बादलीत स्वतः धू. औषधाचे डबे झोपायच्या खोलीत खाटेखाली असतील तर काढ. फवारलेल्या वावरात तिला निंदणाला पाठवू नकोस. दुसरी गोष्ट खर्रा. तू लिहिलेलं नाहीस, पण पत्राच्या कडेला तो तांबूस डाग पानाचा नाही हे मला कळतं. घरात खर्रा असला की बायकाही चिमूटभर तोंडात टाकतात, मळमळ थांबते म्हणून. तंबाखूनं बाळ कमी वजनाचं होतं, अडीच किलोच्या खालचं. तू सोडलास तरच तिला सोडायला सांगू शकशील.

खाण्याचं थोडक्यात: महागडी पावडर नको. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडी, शेवग्याचा पाला, तीळ-जवसाची चटणी, गूळ-फुटाणे, खात असाल तर अंडी. बाळ मोठं झालं तर अडेल म्हणून तिला कमी जेवायला सांगतील, ते ऐकायचं नाही. आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी उरलेलं तिनं खायचं, ही पद्धत आजपासून बंद. तुझ्यासोबत ताटाला बसव.

पत्राच्या शेवटी एक ओळ लिहून तू खोडली आहेस. तरी वाचता आली. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, लग्न झालेल्या प्रत्येक जोडप्याचा तो प्रश्न असतो. रक्त जात नसेल, पाणी जात नसेल, वार खाली आहे असं सोनोग्राफीत आलेलं नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, तर जवळ येण्यानं बाळाला काही होत नाही. फक्त तिची इच्छा. ती थकलेली असते, कधी नुसतं जवळ झोपणं हवं असतं. बाळंतपणानंतर दीड महिना तरी थांबा, पुढे तिला बरं वाटेल तेव्हा. पाळी परत आली नसली तरी दिवस जाऊ शकतात, म्हणून त्याआधीच तांबी, इंजेक्शन किंवा निरोध, काय वापरायचं ते नर्सताईंशी बोलून ठेवा. दुसरं किमान दोन वर्षं नको.

बाळ येईल ते ऐन थंडीत. त्याला ऊब लागते, पण बंद खोलीत खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवू देऊ नकोस. धुरानं आणि कोळशाच्या वाफेनं बाळ-बाळंतीण दोघंही गुदमरतात. टोपी, मोजे, आणि आईच्या उघड्या छातीला चिकटवून वरून गोधडी, हीच सगळ्यात चांगली शेगडी. बापाच्या छातीलाही तितकीच ऊब असते. ती दमली की तू शर्ट काढून बाळाला घे. पहिले एक-दोन दिवस आंघोळ नाही. नाळेला राख, हळद, शेण काही नाही. कान-नाकात तेल नाही. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध. दूध ओढत नसेल, हातपाय गार पडले, श्वास भराभर चालला, तळहात-तळपाय पिवळे दिसले तर लगेच दवाखाना.

घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. विटाळ आहे म्हणून तिला दारातून परत पाठवणारी घरं मी पाहिली आहेत. घरी येऊन बाळ तपासायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून निघाली आहे, हे गावात सांग. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ खेड्यांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघर नवजात बाळं तपासायला लावली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्या बाया मोठ्या शिकलेल्या नव्हत्या. वजन करणं, तापमान पाहणं, श्वास मोजणं, औषध वेळेवर देणं, हेच शिकल्या होत्या. तू बी.ए. आहेस की शेतकरी, यानं काही फरक पडत नाही, तुलाही ते येईल. आशाताई आली की शेजारी बस आणि पाहा.

रात्रीचं आधीच वाटून घ्या. दूध ती पाजेल, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, तिला पाणी आणून देणं हे तुझं. पाणी भरपूर द्यायचं, 'बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं' हे चुकीचं आहे. पहिल्या आठवड्यात ती विनाकारण रडेल. ते बहुतेकींना होतं आणि जातं. पण दोन आठवडे उलटले तरी ती रडत असेल, बाळाकडे पाहवत नसेल, झोपच लागत नसेल, जगू नये असं काही बोलली, तर तो तिचा हट्ट किंवा बाहेरची बाधा नाही, आजार आहे, आणि तो बरा होतो. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतीचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुला स्वतःला झोप न लागण्याचं अजून तसंच चालू असेल तर तूही कर.

९ सप्टेंबरला आरोग्य केंद्रात गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी आहे, दर महिन्याच्या ९ तारखेला असते. आशाताईला आजच सांगून ठेव की या वेळी सोबत तू येतो आहेस. फवारणी, खत जे काही असेल ते आदल्या दिवशी आटप. आणि जाताना कार्डासोबत पाण्याची बाटली, गूळ-फुटाणे घे. रांग मोठी असते, दुपार होते, आणि तिला मधेच भूक लागेल.